गडचिरोलीत बंदूक का आली आणि परत येऊ नये म्हणून काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धानोरा-कुरखेडा पट्ट्यातल्या ग्रामसभांबरोबर मी बरीच वर्षं काम करतोय. पुण्या-मुंबईहून आलेले विद्यार्थी, नव्याने रुजू झालेले ग्रामसेवक, आमच्याच नात्यातली शहरात राहणारी माणसं, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान.

नक्षलवादी गडचिरोलीत आले कधी आणि कुठून?

नाव बंगालचं, माणसं तेलंगणाची. १९६७च्या मे महिन्यात दार्जिलिंग जिल्ह्यातल्या नक्षलबारीत कूळ-शेतकऱ्यांचा उठाव झाला. चारू मजुमदार, कानू सन्याल आणि जंगल संथाल हे त्याचे पुढारी. तो उठाव काही महिन्यांत मोडला, पण विचार देशभर पसरला. आंध्रात कोंडापल्ली सीतारामय्या यांनी १९८० साली पीपल्स वॉर हा गट काढला आणि त्याच साली त्यांची लहान लहान दलमं, म्हणजे सशस्त्र तुकड्या, गोदावरी-प्राणहिता ओलांडून सिरोंचा, अहेरी आणि पलीकडे बस्तरमध्ये शिरली. आंध्रात पोलिसांचा दबाव वाढला तर मागे सरकायला जागा हवी, हा त्यांचा हिशेब होता.

गडचिरोली जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो चंद्रपूरमधून वेगळा काढला. दलम आधी आलं, जिल्हाधिकारी कचेरी दोन वर्षांनी आली. एटापल्ली-भामरागडच्या कितीतरी पाड्यांत सरकारचा माणूस म्हणून लोकांनी तोवर फक्त जंगलखात्याचा नाकेदार पाहिला होता. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हे आधी ध्यानात घ्यावं लागतं.

पुढे २००४मध्ये पीपल्स वॉर आणि बिहार-झारखंडातला माओइस्ट कम्युनिस्ट सेंटर एकत्र येऊन भाकप (माओवादी) झाला. २००९मध्ये केंद्राने त्यावर बंदी घातली.

नक्षलबारीत जमीनदार होते. गडचिरोलीत कुठे होते?

प्रश्न बरोबर आहे. बंगाल किंवा तेलंगणासारखा शेकडो एकरांचा सावकार-जमीनदार इथल्या आतल्या भागात फारसा नव्हता. इथला सर्वांत मोठा जमीनमालक होता जंगलखातं.

जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग जंगलाचा. माडिया आणि गोंड आदिवासी माणसाचं घर, बांधी (भातशेत), देव, स्मशान सगळं त्या जंगलात. इंग्रजांनी १८७८ आणि १९२७च्या कायद्यांनी ते जंगल 'राखीव' करून टाकलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस आपल्याच घरात अतिक्रमणदार झाला. स्वातंत्र्यानंतर तोच १९२७चा कायदा चालू राहिला. बैलगाडीभर लाकूड आणलं, गुन्हा. मोहाच्या झाडाखाली जळण गोळा केलं, दंड. बापाने कसलेली जमीन पोरगा कसतो, तर कागदावर ती 'जबरानजोत'. मग ती जोत चालू द्यायची म्हणून दरवर्षी कोंबडा, दारू, मोहफूल, फुकटची मजुरी द्यायची. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांशी बोललात तर पैशांपेक्षा या कोंबड्यांची आठवण जास्त निघते. एका आजोबांनी मला सांगितलं होतं, "सायेब आला का पोरं कोंबड्या घेऊन जंगलात पळत जी. कोंबडी लपवाव लागे, पोरी बी लपवाव लागे." या एका वाक्यात सगळं आलं.

दुसरीकडे त्याच जंगलातला बांबू कागद कारखान्यांना नाममात्र दरात जायचा. गावकऱ्याला घराच्या कुडासाठी चार बांबू तोडायला परवानगी लागायची आणि कारखान्याचे ट्रक दिवसाढवळ्या भरून जायचे. या विषमतेचा संताप बाहेरून कोणी येऊन शिकवावा लागत नाही.

तेंदूपत्त्याचं नाव प्रत्येक चर्चेत का येतं?

कारण आतल्या भागात रोख पैसा वर्षातून एकदाच दिसतो, तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानाच्या, हंगामात. एप्रिलअखेरपासून मेपर्यंत जेमतेम तीन-चार आठवडे. त्या पैशावर बियाणं, पोरांची वह्या-पुस्तकं, लग्नं आणि दवाखाना.

काम कसं चालतं ते पाहा. पहाटे चारला अख्खं घर उठतं. उजाडायच्या आत जंगलात, ऊन चढलं की गाठोडी डोक्यावर घेऊन परत. मग ओसरीत म्हातारीपासून पाच वर्षांच्या पोरापर्यंत सगळे पानं लावत बसतात. सत्तर पानांचा एक पुडा. पानं सारखी लावायची, देठ एका बाजूला घ्यायचे आणि सालीच्या दोरीने बांधायचं. बोटं काळी पडतात आणि आठवडाभर काळीच राहतात. संध्याकाळी पुडे घेऊन फळीवर जायचं. फळी म्हणजे पुडे मोजून उन्हात वाळत घालायची जागा. तिथे ठेकेदाराचा मुन्शी बसलेला असतो.

जुन्या काळात हा मुन्शी शेकड्यामागे दोन-चार पुडे जास्तीचे ठेवून घ्यायचा, 'खराब निघतात' म्हणून. दर काही पैशांत असायचा. तोही ठेकेदार ठरवायचा आणि मजुरी द्यायची तारीखही तोच ठरवायचा. पोलीस, जंगलखातं, पुढारी, कोणाकडेही तक्रार केली तरी ठेकेदार त्यांच्याच ओसरीत चहा पिताना दिसायचा.

दलमने पहिलं काम केलं ते इथे. फळी बंद पाडली, ठेकेदाराला बोलावून दर वाढवून घेतले. बांबू तोडाईची मजुरीही वाढवून घेतली. नाकेदाराची कोंबडी बंद झाली. लोकांनी मार्क्स किंवा माओ ऐकून साथ दिली नव्हती. पुड्याला चार पैसे जास्त मिळाले, घरातली पोर सुरक्षित राहिली, म्हणून दिली. हे मान्य केल्याशिवाय पुढच्या कोणत्याही उपायावर बोलण्यात अर्थ नाही.

म्हणजे गरिबी हेच कारण?

नुसती गरिबी म्हटलं तर हिशेब जुळत नाही. मेळघाटातला कोरकू गरीब आहे, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यातला भिल्ल गरीब आहे. कुपोषणाच्या बातम्या तिथूनही वर्षानुवर्षं येतात. तिथे दलम उभं राहिलं नाही.

चार गोष्टी एका ठिकाणी आल्या की बंड पेटतं, असा माझा अनुभव आहे. पहिली, रोजचा अपमान. दुसरी, दाद मागायला जागा नसणं. तिसरी, भूगोल: घनदाट जंगल, लागून तीन राज्यांच्या सीमा, पावसाळ्यात महिनाभर तुटलेला संपर्क. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तिन्ही नद्या भेटतात. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की सगळा तालुका जगापासून तुटतो, हे तिथल्या पिढ्यांनी पाहिलंय. चौथी, बाहेरून आलेली शिस्तबद्ध संघटना, जिच्याकडे बंदूक आहे आणि वीस वर्षं एका जागी राहायची तयारी आहे. मेळघाटात पहिल्या दोन होत्या, चौथी नव्हती.

यात दिलाशाची बाजूही आहे. गरिबी एका पिढीत जाणार नाही. अपमान आणि दाद न मिळणं या दोन गोष्टी मात्र उद्यापासून थांबवता येतात.

पोरं-पोरी दलममध्ये का जायच्या?

प्रत्येकाची गोष्ट वेगळी. कोणाच्या बापाला पोलिसांनी 'नक्षल्यांना भाकर दिली' म्हणून मारलं. कोणाला दलमच्या नाच-गाण्याची, गणवेशाची ओढ. काही गावांत घरटी एक पोर द्या, असा दबाव. मुलींचं कारण बरेचदा घरातलं असायचं. मनाविरुद्ध ठरलेलं लग्न, शाळा सुटलेली, पुढे फक्त काबाडकष्ट दिसत असलेले. जंगलात निदान आपल्याला नावाने हाक मारतात, असं शरण आलेल्या एका बाईने मला सांगितलं. तिथे गेल्यावर काय पदरी पडलं तेही तिने सांगितलं: मलेरिया, उपासमार, मूल होऊ न देण्याची सक्ती आणि आईच्या मयतालाही न जाता येणं.

शाळा सुटण्याचं कारण साधं आहे. पोर घरी माडिया बोलतं. पहिलीत गुरुजी मराठीत बोलतात. दोघांनाही एकमेकांचं कळत नाही. वर्षभर पोर मागच्या भिंतीला टेकून बसतं आणि मग गुरं राखायला जातं. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली ती याच दुखण्यावर. त्या शाळेला मान्यतेसाठी झगडावं लागलं याचं मला फार वाईट वाटतं. असं काही गावाने आपणहून उभं केलं तर शासनाने स्वतः चालत जाऊन पाठीशी उभं राहायला हवं होतं.

नक्षलवाद्यांनी आदिवासींचं भलं केलं की नुकसान?

सुरुवातीच्या काही वर्षांत मजुरी वाढली आणि जंगलखात्याची दहशत कमी झाली, हे खरं. नंतर जे झालं तेही तितकंच खरं. ज्या ठेकेदाराला धमकावून दर वाढवले त्याच ठेकेदाराकडून खंडणी सुरू झाली. मग ठेकेदार आणि दलम दोघांचंही हित एकाच व्यवहारात अडकलं आणि पुडे बांधणारी बाई पुन्हा बाजूला राहिली. 'खबऱ्या' ठरवून माणसं मारली. मारलेल्यांत बहुतेक आदिवासीच, कोणी पोलीस पाटील, कोणी माजी सरपंच, कोणी फक्त बाजाराला तालुक्याला गेला म्हणून संशयित. प्रेताजवळ पत्रक ठेवायचं आणि गावाने ते वाचायचं. निवडणुकीवर बहिष्कार, रस्त्याची यंत्रं जाळणं, शाळेच्या इमारती उडवणं.

अन्यायाविरुद्ध उभं राहतो म्हणणाऱ्याने गोटूलमध्ये, म्हणजे गावाच्या सामाईक सभाघरात, बसून एका माणसाच्या मरणाचा निकाल द्यावा आणि त्याच्या बायको-पोरांनी तो ऐकत उभं राहावं, याचं कोणतंही समर्थन मला करता येत नाही. कारणं समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे. आमच्या भागात हा फरक सगळ्यांना कळतो, कारण दोन्ही गोष्टी एकाच घरात घडलेल्या असतात.

गावकरी नक्की कोणाच्या बाजूने होते?

रात्री दलम यायचं, भात मागायचं. सकाळी पोलीस यायचे, रात्री कोणाला भात घातला ते विचारायचे. नाही म्हणायची सोय दोन्ही वेळा नव्हती. बाजू घेण्याची चैन त्यांना कधी मिळालीच नाही.

शेवटी पोलिसांमुळेच संपलं ना?

पोलिसांचा वाटा मोठा आहे आणि त्याची किंमतही मोठी आहे. १९९०मध्ये के. पी. रघुवंशी पोलीस अधीक्षक असताना साठ स्थानिक तरुणांचं सी-६० पथक उभं राहिलं. भाषा येणारे, जंगल ओळखणारे, पायी चालणारे जवान. पण २००९ हे एक साल आठवा: फेब्रुवारीत मरकेगावला १५, मे महिन्यात हत्तीगोट्याला १६, ऑक्टोबरमध्ये लाहेरीला १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ला जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगात १५ जवान आणि त्यांचा चालक गेला. उलट बाजूला २०१८च्या एप्रिलमध्ये कसनासूर-बोरिया परिसरात ४० माओवादी मारले गेले. नोव्हेंबर २०२१मध्ये मर्दिनटोल्याच्या चकमकीत माओवादी नेते मिलिंद तेलतुंबडेंसह पंचविसाहून अधिक. सी-६०चा जवान आदिवासी आणि दलममधला पोरगाही बहुतेक वेळा आदिवासीच. दोघांच्या आया एकाच आठवडी बाजारात मीठ घ्यायला येतात.

२०२५मध्ये चित्र पालटलं. १ जानेवारीला ज्येष्ठ माओवादी नेत्या ताराक्का यांनी शस्त्र खाली ठेवलं. मे महिन्यात संघटनेचा सरचिटणीस बसवराजू छत्तीसगडमधल्या अबूझमाडमध्ये मारला गेला. १५ ऑक्टोबरला ताराक्कांचे पती, मूळ तेलंगणातल्या पेद्दापल्लीचे मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरणागती पत्करली. प्राणहिता ओलांडून आलेल्या पिढीचा मोठा नेता प्राणहितेच्या याच काठावर थांबला.

पण पोलीस बंदूक काढून घेऊ शकतात. फळीवरचा दर ठरवू शकत नाहीत, सातबारा देऊ शकत नाहीत. ते काम दुसऱ्या खात्यांचं आहे आणि ती खाती अजून मागे आहेत.

रस्ते आणि मोबाइल टॉवर आले की प्रश्न सुटेल?

रस्ता हवाच. गरोदर बाईला खाटेवर घालून नदी ओलांडून नेणाऱ्या माणसांबरोबर मी चाललो आहे. त्यामुळे रस्त्याला विरोध करणाऱ्या कोणाशीही माझं जमत नाही. जांभुळखेड्याच्या स्फोटाआधी माओवाद्यांनी दादापूरला जाळली ती रस्त्याच्या कामावरचीच वाहनं होती. गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर एसटी धावायला १ जानेवारी २०२५ उजाडावा लागला. पहिल्या गाडीतून बाजाराला गेलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडावरचा आनंद खोटा नव्हता.

फक्त एवढं बघायचं की त्या रस्त्याने आत काय येतं आणि बाहेर काय जातं. बाहेर फक्त खनिज आणि लाकूड जात असेल, आत डॉक्टर आणि गुरुजी येत नसतील, तर लोक रस्त्याकडेही संशयाने बघायला लागतात.

डॉक्टर येत नाहीत म्हणून थांबून राहायचं कारणही नाही. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने याच जिल्ह्यात गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाला वजनकाटा, ऊब आणि वेळेवर औषध तिच्या हातून मिळालं आणि बालमृत्यू झपाट्याने खाली आले. पुढे हीच पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. गावातल्या माणसावर विश्वास टाकला की काय होतं याचा हा डोळ्यासमोरचा पुरावा.

मग मूळ उपाय कोणता?

माझं उत्तर एकच आहे: जंगलाची मालकी आणि जंगलाच्या मालाचा हिशेब ग्रामसभेच्या हातात. बाकीचे उपाय याच्या आधाराने उभे राहतात.

धानोऱ्याजवळ मेंढा (लेखा) नावाचं शंभरेक घरांचं गोंड गाव आहे. ऐंशीच्या दशकात भोपालपट्टणम आणि इंचमपल्ली धरणांविरुद्ध 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन झालं. त्यातून या गावाने सभा घ्यायला सुरुवात केली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा, गोंडीत 'मावा नाटे मावा राज'. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वांची संमती होईपर्यंत बोलत राहायचं, हा नियम. दलमचा जोर चरमसीमेवर असतानाही गाव हे करत राहिलं, बंदूक न धरता.

२००६चा वनहक्क कायदा आला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला असं संसदेने त्याच्या प्रस्तावनेतच मान्य केलं. २००९मध्ये मेंढा आणि शेजारच्या मर्दा या गावांना देशात सर्वप्रथम सामूहिक वनहक्क, म्हणजे अख्ख्या गावाने मिळून जंगल वापरायचे आणि राखायचे हक्क, मिळाले. मेंढ्याला मिळालं सुमारे १,८०९ हेक्टर जंगल. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवान्याचं पुस्तक जंगलखात्याकडेच. दोन वर्षं त्या पुस्तकासाठी भांडण. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, एका पावतीपुस्तकासाठी एवढं काय? ज्याच्या सहीने ट्रक हलतो तो मालक, हे आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं. शंभर वर्षं ती सही नाकेदाराची होती. त्या दिवसापासून ती गावातल्या माणसाची झाली.

आज गडचिरोलीत चौदाशेच्या आसपास गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. देशात या बाबतीत हा जिल्हा सर्वांत पुढे आहे. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६चा, राज्याचे नियम २०१४चे. वनहक्क आणि पेसा या दोन कायद्यांच्या आधारे ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. मी अशा एका सभेत बसलो होतो. वडाखाली चटया, मध्ये लोखंडी पेटी. गावच्या एका मुलीने वहीतून प्रत्येक घराचे पुडे, प्रत्येकाचा आकडा मोठ्याने वाचला. एका म्हातारीने मध्येच हात वर केला, "माझे बारा पुडे कमी लिवले." मुलीने फळीची पावती काढली, मोजलं, चूक निघाली, दुरुस्त केली. म्हातारी खाली बसली. माझ्या डोळ्यात पाणी आलं. तिची आई असती तर त्या बारा पुड्यांसाठी कोणाकडे गेली असती?

सामूहिक वनहक्क मिळाला की झालं का?

अजिबात नाही. पट्टा मिळाला पण नकाशा चुकीचा, अशी गावं आहेत. काही हंगामात ठेकेदार माल उचलून उरलेले पैसे बुडवतात. त्या ग्रामसभेकडे वकील करायला पैसे नसतात. काही ग्रामसभांत दोन-चार शिकलेले लोकच पेटीचे मालक होऊन बसतात. महिलांची सही घेतात, मत घेत नाहीत. बांबूला चांगला दर मिळाला म्हणून एका वर्षात जास्त तोड झाली, हेही मी पाहिलंय.

यावर उपाय शोधताना गावांनीच वाट काढली. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली, म्हणजे ठेकेदाराशी बोलताना एकटं गाव नसतं. कुरखेडा भागात 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी'सारख्या संस्था हिशेब आणि कायदा शिकवतात. शासनाने करायचं काम मर्यादित आहे पण ते करायलाच हवं: ठेकेदाराकडून आगाऊ अनामत घेण्याची सक्ती, बुडवलेल्या पैशाची वसुली महसुली थकबाकीसारखी आणि ग्रामसभेला हिशेबनीस नेमायला निधी.

खाणींचं काय?

एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर लोहखनिजाचा. त्याच डोंगरावर ठाकुरदेव आहे आणि दर जानेवारीत पंचक्रोशीच्या इलाक्यांची यात्रा भरते. २००७मध्ये खाणपट्टा दिला गेला, डिसेंबर २०१६मध्ये माओवाद्यांनी तिथली सत्तरहून अधिक वाहनं जाळली, २०२१पासून उत्खनन जोरात आहे. आज तिथे स्थानिक पोरांना नोकऱ्या आहेत आणि घरी पगार येतो. रस्त्याकडेच्या गावांत धूळ आहे, लाल पाणी आहे, अपघात आहेत. दोन्ही खरं आहे.

मला खटकतं ते विचारण्याची पद्धत. ओडिशात नियमगिरीच्या डोंगराबाबत २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांचं मत घ्यायला लावलं, बारा ग्रामसभा बसल्या, बाराही नाही म्हणाल्या आणि खाण थांबली. तिथे गोळी चालली नाही. गडचिरोलीत प्रत्येक नव्या खाणीच्या आधी तशीच खुली, गोंडी-माडियात, गावातच बसून ग्रामसभा झाली पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी बंदोबस्तात घेतलेली जनसुनावणी तिची जागा घेऊ शकत नाही. लोकांनी हो म्हटलं तर हो. पण विचारा.

असं बंड याआधी कुठे उपायांनी शमलं आहे का?

आहे, आणि अर्ध्या उपायाने काय होतं तेही दिसलंय.

१९४५ साली ठाणे जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे वारली उठले. वेठबिगार आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभराची गुलामी, म्हणजे लग्नगडी, हे त्यांचं दुखणं. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी त्यांना संघटित केलं. वेठ मोडली, मजुरी मिळाली, आणि तो भाग बंदुकीकडे न जाता किसान सभेच्या मोर्चांकडे गेला.

तेलंगणात १९४६ ते ५१ सशस्त्र लढा झाला. त्यानंतर विनोबा तिथे पायी फिरले. १८ एप्रिल १९५१ला पोचमपल्लीत दलितांनी जमीन मागितली, रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली आणि भूदान सुरू झालं. पुढे देशभर लाखो एकर मिळाले, पण त्यातली बरीच नापीक, वादातली, किंवा वाटपच न झालेली. जमिनीचा प्रश्न तसाच मुरत राहिला. १९७८मध्ये करीमनगरच्या जगित्यालमध्ये शेतकरी पुन्हा उठले, त्यातून दोन वर्षांत पीपल्स वॉर आणि मग प्राणहितेपलीकडून आमच्याकडे दलम. अर्धवट राहिलेला उपाय तीस वर्षांनी नदी ओलांडून आला. बंगालने मात्र १९७८पासून ऑपरेशन बर्गात चौदा लाखांहून अधिक वाटेकऱ्यांची नावं कागदावर चढवली आणि ग्रामीण भागात त्या प्रश्नाची धार बरीच कमी झाली.

विनोबांचाच धागा पकडून मेंढ्याने २०१३ साली ग्रामदानाचा ठराव केला, गावची शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे. तेलंगणात सुटलेलं टोक आमच्या बाजूला कोणीतरी उचललं, असं मला वाटतं.

शरण आलेल्यांचं पुढे काय?

२००५पासून राज्याची आत्मसमर्पण योजना आहे: पैसे, घर, प्रशिक्षण. पैसे मिळतात. गावात परत जाणं कठीण. ज्याच्या भावाला मारलं तो शेजारी राहतो. काही गावांत गायता (गावचा धार्मिक प्रमुख) आणि जाणत्यांनी जुन्या रीतीने दोन घरांना एकत्र बसवलं, भात खाल्ला, विषय मिटवला. सगळीकडे असं होत नाही. पण शासनाने या रीतीला वेळ आणि जागा द्यावी. आणि जे कधी दलममध्ये गेले नाहीत, फक्त भात दिला म्हणून वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखांना हेलपाटे घालतात, त्यांच्या केसेस आधी निकाली काढाव्यात.

आमच्या गावाला सामूहिक वनहक्काचा दावा करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

गट ग्रामपंचायतीवर अवलंबून राहू नका. तुमचा टोला किंवा पाडा स्वतः ग्रामसभा होऊ शकतो. सभा बोलवा, निम्मे तरी सदस्य हजर हवेत, त्यात एक तृतीयांश बाया. दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडा, तिच्यातही किमान एक तृतीयांश बाया. मग म्हाताऱ्यांना घेऊन शीव फिरा: कुठे देव, कुठे जुनं गाव, कुठे तेंदू तोडतो, कुठे मासे धरतो. शेजारच्या गावाच्या माणसांना बरोबर न्या, म्हणजे शिवेवरून नंतर भांडण होत नाही. पुरावे किमान दोन लागतात. म्हाताऱ्यांचं लेखी निवेदन आणि निस्तारपत्रक (गावाचे जंगलातले जुने हक्क नोंदलेला कागद) चालतं. सामूहिक वनसंसाधनाच्या दाव्याचा नमुना वेगळा आहे, वैयक्तिक दाव्याच्या नमुन्यात भरू नका, तिथे बहुतेकांची चूक होते. भरलेला दावा प्रांत अधिकाऱ्यांच्या उपविभागस्तरीय समितीकडे द्या आणि पोच घ्या. ती पोच पेटीत ठेवा, तिची झेरॉक्स तीन घरांत ठेवा. पावसाळ्याआधी हे करा. जून लागला की नाले भरतात आणि तालुक्याला जाणं होत नाही.